५जी फोन, एअरफायबर की फायबर? मावळात नेटवर पैसे घालण्याआधी हे वाचा

वडगाव मावळ : पवना धरणाकाठी टेंट लावणारे, पॉलिहाऊसमधल्या गुलाबाचे फोटो व्यापाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणारे, गावात ऑनलाइन फॉर्म भरून देणारे दुकानदार... सगळ्यांचा धंदा आता नेटवर आहे. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळात डोंगर आडवा आला की रेंज जाते. मग पैसे नेमके कशावर घालायचे? उत्तर शोधण्याआधी मागे काय झालं ते बघू.

दोनदा पैसे बुडाले

२००३ मध्ये रिलायन्सने ५०१ रुपयांत मोबाइल हातात दिला. तो सीडीएमए तंत्रज्ञानावर चालायचा. आवाज स्वच्छ, कॉल स्वस्त. पण हँडसेट त्याच कंपनीच्या नेटवर्कला बांधलेला. दुसऱ्या बाजूला जीएसएम होतं. सिम काढा, कुठल्याही फोनमध्ये टाका. लोक जीएसएमकडे गेले, हँडसेट बनवणारेही तिकडेच गेले. पुढे सीडीएमए बंद पडलं आणि घराघरातले ते फोन, डोंगल कपाटात गेले. रिलायन्स कम्युनिकेशन्स २०१९ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. शेअर घेणाऱ्यांचेही पैसे गेले.

दुसरी शर्यत वायमॅक्स आणि एलटीईची. २०१० मध्ये केंद्राने वायरलेस ब्रॉडबँडच्या लहरींचा लिलाव केला. सरकारला सुमारे ३८,५०० कोटी रुपये मिळाले. एकट्या इन्फोटेलने देशभरातल्या लहरींसाठी १२,८४८ कोटी मोजले. रिलायन्सने लगेच ती कंपनी घेतली, तिचीच पुढे जिओ झाली. त्या वेळी वायमॅक्सची उपकरणं तयार होती, एलटीईची अजून यायची होती. बीएसएनएल वायमॅक्सकडे गेलं, एअरटेल आणि रिलायन्स एलटीईसाठी थांबले. एअरटेलने २०१२ मध्ये पुण्यात ४जी सुरू केलं, जिओ २०१६ मध्ये आलं. वायमॅक्स आज कुठे दिसत नाही.

वायमॅक्स वाईट नव्हतं. पण जगभरातल्या जीएसएम कंपन्यांना आपलं जुनं जाळं वाढवत एलटीईवर जाता येत होतं. त्यामुळे फोन एलटीईचेच निघाले, भरपूर निघाले आणि स्वस्त झाले. धडा सरळ आहे : आज वेग कुणाचा जास्त, यापेक्षा उद्या फोन आणि सुटे भाग कुणाचे मिळणार, हे बघायचं.

आता शर्यत लहरींची

५जी एकच असलं तरी लहरी वेगवेगळ्या आहेत. ७०० मेगाहर्ट्झची लहर लांब जाते, भिंतीतूनही आत शिरते, पण वेग बेताचा. ३३०० मेगाहर्ट्झची वेगवान, पण पल्ला कमी आणि डोंगरापुढे हतबल. २६ गिगाहर्ट्झला तर टॉवर जवळपास समोरच लागतो. २०२२ च्या लिलावात ७०० च्या लहरी फक्त जिओने घेतल्या. एअरटेलने सुरुवातीला ४जीच्या जोडीनेच ५जी चालवलं. म्हणून एकाच गावात एका सिमला ५जी दिसतं, दुसऱ्याला नाही.

खर्च करण्याआधी

• फोन : दुकानदाराला विचारा, एन२८ आणि एन७८ हे दोन्ही बँड आहेत का? एन२८ म्हणजे ७००, एन७८ म्हणजे ३३००. वर्षभराचं रिचार्ज मारण्याआधी त्या कंपनीचं छोटं रिचार्ज घरात, गोठ्यात, शेतात वापरून बघा.

• एअरफायबर : छतावरचा डबा टॉवरकडूनच नेट घेतो. जिथे ५जी कमकुवत, तिथे तोही कमकुवत. संध्याकाळी गर्दीच्या वेळी वेग तपासा. ट्रायचं मायस्पीड अ‍ॅप फुकट आहे. नेट चाललं नाही तर पैसे परत मिळतात का, हे आधी लिहून घ्या.

• फायबर : केबल घरापर्यंत येत असेल तर दुकान, होमस्टेसाठी तीच भरवशाची. डोंगराचा अडथळा नाही. महानेट, भारतनेटची केबल ग्रामपंचायतीत चालू आहे का, ग्रामसेवकांना विचारा.

• लाइट : राउटरला छोटा बॅकअप घ्या. पावसाळ्यात लाइट गेल्यावर टॉवर बॅटरीवर चालू असतो, पण घरातला डबा बंद पडतो.

कंपन्यांनी आपल्या वेबसाइटवर कव्हरेजचा नकाशा देणं ट्रायने बंधनकारक केलंय. तो बघा, पण घरातली चाचणी शेवटची.

टॉवरच्या नावाने फसू नका

"तुमच्या जागेत टॉवर लावतो, महिना भाडं, आधी फी भरा" असे फोन, मेसेज येतात. ट्राय टॉवरसाठी ना परवानगीपत्र देतं, ना पैसे घेतं. खरी कंपनी जागेचं भाडं देते, जागामालकाकडून आगाऊ फी मागत नाही. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.