खुब्याच्या वाटीचे अस्थिभंग : शस्त्रक्रियात्मक उपचारांचे स्वरूप

प्रस्तावना :
खुब्याचा सांधा हा उखळीचा सांधा आहे. इलियम, इस्चियम व प्युबिस या तीन हाडांच्या संगमातून त्याची वाटी तयार होते आणि मांडीच्या हाडाचा गोल माथा तीत फिरतो. ही वाटी भंगल्यास चालणे, उकिडवे बसणे, मांडी घालणे या नित्याच्या क्रियाच धोक्यात येतात. प्रस्तुत लेखात या अस्थिभंगावरील शस्त्रक्रियेचे विवेचन केले आहे.

इजेचे स्वरूप :
तरुणांमध्ये वाहन-अपघात व उंचावरून पडणे, तर वृद्धांमध्ये ठिसूळ हाडे व साधे घसरून पडणे ही प्रमुख कारणे होत. मोटारीच्या टकरीत वाकलेला गुडघा डॅशबोर्डवर आदळतो, आघात मांडीच्या हाडातून माथ्यापर्यंत पोहोचतो आणि वाटीची मागील भिंत फुटते. अनेकदा माथाही मागे निखळतो.

वर्गीकरण :
विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पायाला वजन बांधून दीर्घकाळ अंथरुणावर ठेवणे हाच प्रचलित उपचार होता. मात्र ताण दिल्याने सांध्यात अडकलेले वा फिरलेले तुकडे जागेवर येत नाहीत. रॉबर्ट ज्युडे, झाँ ज्युडे व एमिल लेतुर्नेल या फ्रेंच शल्यविशारदांनी 1964 मध्ये या प्रश्नाची नव्याने मांडणी केली. वाटी पुढील व मागील अशा दोन अस्थिस्तंभांच्या आधारावर उभी असते, हे सूत्र धरून पाच साधे व पाच मिश्र असे दहा प्रकार ठरविण्यात आले. त्यांच्या निदानासाठी 45 अंशांच्या तिरप्या क्ष-किरण प्रतिमा वापरल्या जातात. आता त्यांना सी. टी. स्कॅनची जोड मिळाली आहे.

शस्त्रक्रिया :
निखळलेला माथा तातडीने, काही तासांतच बसवावा लागतो. अन्यथा त्याचा रक्तपुरवठा खंडित होण्याचा धोका वाढतो. वाटीची जोडणी मात्र सहसा रुग्ण स्थिर झाल्यावर काही दिवसांनी केली जाते. भार पेलणाऱ्या भागात तुकडे 2 मि. मी. हून अधिक सरकले असतील, सांध्यात तुकडा अडकला असेल किंवा सांधा अस्थिर असेल, तर सामान्यतः शस्त्रक्रियेचा विचार केला जातो. मागील भागासाठी कोखर-लांगेनबेक, तर पुढील भागासाठी लेतुर्नेल यांचा इलिओइंग्विनल हा मार्ग प्रचलित आहे. तुकडे जुळवून धातूच्या पट्ट्या व स्क्रू यांनी ते स्थिर केले जातात. त्यानंतर काही आठवडे त्या पायावर पूर्ण भार देता येत नाही.

जोएल मॅटा यांनी 1996 मध्ये तीन आठवड्यांच्या आत शस्त्रक्रिया केलेल्या 262 अस्थिभंगांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात 71 टक्के अस्थिभंगांत अचूक जुळणी साधली, तर 76 टक्के सांध्यांचे फलित चांगले वा उत्तम ठरले. जुळणी जितकी अचूक, तितका सांधा टिकाऊ, हे त्यातून स्पष्ट झाले.

मर्यादा :
सायटिक मज्जातंतूस इजा, रक्तवाहिनीत गुठळी, जंतुसंसर्ग, स्नायूंत अनावश्यक हाड तयार होणे व पुढे सांधा झिजणे या गुंतागुंती संभवतात. वृद्धांमध्ये हाड ठिसूळ व चुरा झालेले असल्यास निवडक प्रसंगी सांधारोपणही केले जाते.

निष्कर्ष :
तीन आठवड्यांनंतर तुकड्यांभोवती नवे हाड धरू लागते आणि अचूक जुळणी दुरापास्त होते. म्हणून शल्यविशारदाच्या कौशल्याइतकेच अचूक निदान आणि रुग्णास योग्य केंद्राकडे वेळेवर पाठविणे महत्त्वाचे ठरते. या इजेत विलंबाची किंमत रुग्णाला आयुष्यभर मोजावी लागू शकते.