अंतर ओलांडणारे मार्गदर्शन

ज्ञान ग्रंथांतून मिळते. पण नवे ज्ञान कसे शोधावे, हे जाणत्या माणसाच्या सहवासातच शिकावे लागते. पीएच. डी. या पदवीचे शिक्षण प्रामुख्याने याच स्वरूपाचे असते. त्याला ठरावीक पाठ्यपुस्तक नसते. विद्यार्थी एक प्रश्न निवडतो, काही वर्षे त्याचा शोध घेतो आणि आपले निष्कर्ष प्रबंधाच्या रूपाने मांडतो. या वाटचालीत चूक दाखवणारा, शंका उपस्थित करणारा आणि उमेद खचू न देणारा जो अनुभवी संशोधक सोबत असतो, त्याला मार्गदर्शक म्हणतात. हा मार्गदर्शकच दूर देशी असेल तर काय करावे? आफ्रिका खंडातील अनेक विद्यापीठे गेली काही दशके या प्रश्नाचे उत्तर शोधीत आहेत.

आफ्रिकेतील बहुतेक देश १९५० नंतरच्या काळात स्वतंत्र झाले. नवी विद्यापीठे उभी राहिली आणि विद्यार्थ्यांची संख्या झपाट्याने वाढली. त्या प्रमाणात पीएच. डी. झालेले प्राध्यापक मात्र मिळाले नाहीत. तुलनेने संपन्न अशा दक्षिण आफ्रिकेतही २०१० साली दर दहा लाख लोकसंख्येमागे केवळ २८ जणांना ही पदवी मिळाली. २०३० पर्यंत ही संख्या शंभरावर नेण्याचे उद्दिष्ट त्या देशाच्या २०१२ च्या विकास आराखड्यात ठेवण्यात आले. येथे एक दुष्टचक्र आहे. मार्गदर्शक थोडे म्हणून नवे संशोधक थोडे आणि नवे संशोधक थोडे म्हणून उद्याचे मार्गदर्शकही थोडे! परदेशी शिकावयास गेलेल्यांपैकी अनेकजण तिकडेच स्थायिक झाल्याने ही उणीव अधिकच वाढली.

दूर राहून शिकण्याची परंपरा आफ्रिकेला नवी नाही. दक्षिण आफ्रिकेतील ‘युनिसा’ हे विद्यापीठ १९४६ पासून टपालाद्वारे शिक्षण देऊ लागले. नेल्सन मंडेला यांनी १९४३ साली बी. ए.ची आणि पुढे कारावासात असतानाच १९८९ साली कायद्याची पदवी याच विद्यापीठाकडून मिळवली. भिंती आणि अंतर यांवर मात करण्याचे सामर्थ्य शिक्षणात असते, याचे हे बोलके उदाहरण होय.

टपालाची जागा पुढे संगणकाने घेतली. तथापि, २००९ पर्यंत पूर्व आफ्रिकेतील देशांना इंटरनेटसाठी महागड्या उपग्रह सेवेवर अवलंबून राहावे लागे. त्या वर्षी समुद्राच्या तळाशी टाकलेली ‘सीकॉम’ ही केबल सुरू झाली. दक्षिण आफ्रिका, मोझांबिक, टांझानिया आणि केनिया या देशांना तिने युरोपशी आणि आपल्या मुंबईशीही जोडले. त्याच वर्षी भारताने आफ्रिकी देशांसाठी दूरशिक्षण व दूरवैद्यक सेवेचे जाळे सुरू केले. त्याची कल्पना राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी २००४ साली मांडली होती.

या साधनांमुळे मार्गदर्शनाची रीत बदलली. विद्यार्थी प्रबंधाचे प्रकरण ई-मेलने पाठवतो. मार्गदर्शक संगणकावरच त्याच्या समासात टिपा लिहून ते परत करतो. पडद्यावर समोरासमोर चर्चा होते. जी संशोधनपत्रिका विकत घेणे ग्रंथालयाला परवडत नाही, ती ‘रिसर्च फॉर लाइफ’सारख्या योजनेतून विनामूल्य वा अल्प मूल्यात वाचता येते. मात्र, वीज गेली की चर्चा अर्धवट राहते आणि इंटरनेटचा खर्च अनेकांच्या आवाक्याबाहेर असतो. त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. दिवसभर वर्ग घेऊन रात्री एकट्याने संशोधन करणारा विद्यार्थी जेव्हा निराश होतो, तेव्हा त्याचा उतरलेला चेहरा टिपांच्या समासात दिसत नाही.

ही उणीव ओळखून काही आफ्रिकी संस्थांनी मध्यम मार्ग काढला. नैरोबीतील एक संशोधन केंद्र आणि जोहान्सबर्गचे विटवॉटर्सरँड विद्यापीठ यांच्या पुढाकाराने २००८ मध्ये ‘कार्टा’ हा विद्यापीठांचा संघ स्थापन झाला. या योजनेत सार्वजनिक आरोग्याशी निगडित विषयांवर संशोधन करणारे तरुण प्राध्यापक मायदेशातील नोकरी न सोडता पीएच. डी. करतात. या काळात त्यांना चार वेळा निवासी चर्चासत्रांसाठी एकत्र आणले जाते. तेथे ते संशोधनपद्धती शिकतात, एकमेकांचे लेखन तपासतात आणि आपल्या अडचणी मोकळेपणाने सांगतात. विशेष म्हणजे, मार्गदर्शकांनाही मार्गदर्शन कसे करावे याचे प्रशिक्षण दिले जाते. उत्तम संशोधक हा आपोआप उत्तम मार्गदर्शक होतोच असे नाही, ही जाणीव त्यामागे आहे.

या साऱ्या प्रयत्नांचे मोल केवळ पदव्यांच्या संख्येत मोजता येत नाही. हिवतापाचा प्रसार का होतो, दुष्काळातही तगणारे पीक कोणते, यांसारख्या प्रश्नांची उत्तरे त्या मातीतल्या माणसांनी शोधावीत, हा त्यामागील खरा हेतू आहे.

तंत्रज्ञान ही एक वाट आहे. ती दोन गावे जोडते, पण चालावे माणसालाच लागते. प्रश्न विचारण्याचे धैर्य विद्यार्थ्यापाशी आणि ते ऐकून घेण्याचा धीर मार्गदर्शकापाशी असेल, तरच हजारो किलोमीटरचे अंतर मिटते. घरी राहून, दूरशिक्षणाच्या आधाराने शिकणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावयास हवे.