चकोराच्या डोंगरांसाठी हलकी बंदूक

नेवाडाच्या रुक्ष, खडकाळ चढणींवर, जिथे भारतीय उपखंडातून नेऊन सोडलेला चकोर आता कायमचा नांदतो आहे, तिथे बंदूक झाडण्यापेक्षा ती दिवसभर वागवण्याचेच श्रम अधिक असल्यामुळे तिचे वजन हा पहिला विचार ठरतो. परंतु हलकेपणालाही मर्यादा आहे: इंग्लंडचे नामांकित बंदूककार ग्रीनर यांच्या नावे रूढ झालेल्या दंडकानुसार बंदूक छर्‍यांच्या वजनाच्या ९६ पट असावी, म्हणजे २८ ग्रॅम छर्‍यांस सुमारे २.७ किलो, त्याहून हलकी असल्यास धक्का खांद्यास जाचतो. याकरिता २५ ग्रॅमांचे काडतूस घेणारी, २.४ किलोंची वीस बोरची दुनळी मला बेलाशक श्रेयस्कर वाटते. मात्र नळ्या फार आखूड नसाव्यात, कारण पुढे पुरेसा भार नसलेली बंदूक उतारावर झेपावणाऱ्या पक्ष्यामागे फिरता फिरता मध्येच अडखळते.