सहकारी अध्ययन आणि आपला अभ्यासवर्ग

दिग्रसच्या मराठी शाळेत पहिलीच्या वर्गात कान देऊन पाहावे. गावातली मुले वऱ्हाडी बोलतात, भोवतालच्या तांड्यांवरून आलेली गोरमाटी बोलतात, काहींच्या घरी उर्दू असते. पुस्तक मात्र प्रमाण मराठीतले. पुस्तकातली 'आई' तांड्यावरच्या लेकराच्या घरी 'याडी' असते. हे लेकरू गप्प बसते आणि आपण त्याला 'ढ' म्हणून मोकळे होतो.

साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागले, हे आपणांस ठाऊकच आहे. आज बाक एकच आहे. परंतु एका बाकावर बसणे आणि एकत्र शिकणे या भिन्न गोष्टी होत. प्रश्न विचारला की तेच तीन-चार हात वर जातात. एकाचे उत्तर चुकले की दुसऱ्याला बरे वाटते, कारण आता त्याची पाळी येणार!

अमेरिकेत टेक्सास राज्यातील ऑस्टिन शहरी १९७१ साली गोरी, काळी व मेक्सिकन वंशाची मुले प्रथमच एका वर्गात आली आणि मारामाऱ्या सुरू झाल्या. एलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञांनी त्यावर उपाय काढला. पाच-सहा मुलांचा मिश्र गट करायचा, धड्याचे तितकेच तुकडे करायचे आणि प्रत्येकाला एकच तुकडा द्यायचा. निरनिराळ्या गटांतील समान तुकडेवाल्यांनी आधी एकत्र बसून तो पक्का करायचा, मग आपापल्या गटात परतून इतरांना शिकवायचा. परीक्षा मात्र संपूर्ण धड्यावर. त्यामुळे शेजाऱ्याचे ऐकल्याशिवाय गत्यंतर नाही. आमच्या बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात, दोन वेगळ्या माणसांकडे. त्यांचे आपसात पटो न पटो, सकाळी दोघांनाही यावेच लागते. तसेच हे.

आपल्याकडे ही दृष्टी अगदीच नवी नव्हे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह काढले, तेथे मुले स्वयंपाकापासूनची कामे वाटून घेत. फक्त धडा वाटून घेण्याची ही रीत वेगळी.

मंडळाच्या अभ्यासवर्गात आम्ही महाडचा धडा असाच वाटला. पहिला तुकडा बोले यांच्या १९२३ च्या ठरावाचा, दुसरा तळे खुले करणाऱ्या महाड नगरपालिकेच्या १९२४ च्या ठरावाचा, तिसरा २० मार्च १९२७ चा. चौथ्यात डिसेंबरची परिषद, जिच्यासाठी फत्तेखान यांनी जागा दिली. पाचवा १९३७ च्या हायकोर्टाच्या निकालाचा. हा शेवटचा तुकडा तांड्यावरच्या एका मुलाकडे आला. तो अडखळला, दोघे हसले. आम्ही एवढेच म्हटले, "निकाल काय लागला ते याच्याशिवाय कुणालाच माहीत नाही." थोडा वेळ शांतता. मग हसणाऱ्यांपैकीच एकाने विचारले, "मंग जिंकलं कोण?" त्या मुलाने अर्धे गोरमाटीत, अर्धे मराठीत सांगितले. सर्वांना समजले.

अडचणी आहेत. वेळ दुप्पट लागतो. हुशार मुलांचे पालक कुरकुरतात, "आमच्या पोराने दुसऱ्यांना का शिकवत बसावे?" (समजावून सांगताना त्याचेच पक्के होते, हे त्यांना पटवावे लागते.) गट पाडणे मुलांवर सोडले तर मोहल्ला मोहल्ल्याशी आणि तांडा तांड्याशीच बसतो, म्हणून गट शिक्षकानेच पाडावेत.

खरी अडचण मात्र दिवाळीनंतरची. ऊसतोडीला आई-बापाबरोबर मूल गेले की गटातला एक तुकडाच जातो. निकाल सांगणारा तो मुलगाही गेला. आता आम्ही प्रत्येक तुकडा दोघांना देतो आणि गेलेल्याच्या वाट्याचे गटाकडून वहीत लिहून घेतो. तो परतला की ती वही त्याची.