थंडीत बोटं पांढरी पडतात? औषधांची यादीही एकदा तपासा

हिवाळ्यात नळाचं गार पाणी हातावर पडलं की काहींची बोटं खडूसारखी पांढरी पडतात. मग ती निळसर होतात आणि ऊब मिळाली की लाल होऊन ठणकतात. याला 'रेनॉड्स' म्हणतात. मॉरिस रेनॉड या फ्रेंच डॉक्टरने १८६२ मध्ये याचं वर्णन केलं होतं.

थंडीत रक्तवाहिन्या आकसणं हा मुळात आजार नाही. आतली ऊब टिकवण्यासाठी शरीर त्वचेकडे जाणारं रक्त कमी करतं. त्यासाठी नसांच्या टोकांतून नॉरॲड्रेनालिन सुटतं, ते रक्तवाहिनीवरच्या 'अल्फा' रिसेप्टरला चिकटतं आणि भिंतीतला स्नायू आवळला जातो. रेनॉड्समध्ये हीच पकड गरजेपेक्षा फार घट्ट होते.

मग औषधांचा संबंध काय?

बीपी, हृदयविकार, मायग्रेन यांसाठी दिले जाणारे बीटा ब्लॉकर, विशेषतः प्रोप्रॅनोलॉल, हा त्रास वाढवू शकतात. रक्तवाहिन्या सैल करणारे 'बीटा' रिसेप्टर बंद झाले की 'अल्फा'ला मोकळं रान मिळतं. मायग्रेनचं अर्गोटामिन आणि चोंदलेलं नाक मोकळं करणारं स्यूडोएफेड्रिन तर थेट वाहिन्या आवळतात. नाक त्यामुळेच मोकळं होतं, पण परिणाम नाकापुरता राहत नाही. सिगारेटमधलं निकोटिनही तेच करतं, आणि ते तर कुणी लिहूनही दिलेलं नसतं!

पण म्हणून गोळी परस्पर बंद करू नका. बीटा ब्लॉकर अचानक थांबवल्यास छातीत दुखू शकतं, हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. गोळी बदलायची की डोस कमी करायचा, हे डॉक्टरच ठरवतील.

उलट दिशेने काम करणारी औषधंही आहेत. स्नायू आवळायला कॅल्शियम लागतं. निफेडिपिन आणि अनेक घरांत बीपीसाठी असलेली अम्लोडिपिन कॅल्शियमची ही वाट अडवतात. त्रास मुळापासून जात नाही, पण झटके कमी आणि सौम्य होतात. पावलांना सूज आणि डोकेदुखी हे त्यांचे नेहमीचे दुष्परिणाम. म्हणून घरातल्या दुसऱ्याची गोळी घेऊन पाहू नये. त्रास गंभीर असेल तर सिल्डेनाफिलही दिलं जातं, मात्र छातीदुखीसाठी नायट्रेट घेणाऱ्यांनी ते घेतलं तर बीपी धोकादायकरीत्या घसरतो.

बोटांच्या टोकांना जखमा होत असतील, त्रास एकाच हाताला असेल किंवा चाळिशीनंतर पहिल्यांदा सुरू झाला असेल, तर तपासणी लांबवू नये. त्यामागे स्क्लेरोडर्मासारखा आजार किंवा हाताच्या रक्तवाहिनीतला अडथळा असू शकतो.