मस्तक न सापडलेला महाकाय

वढू बुद्रुकच्या एखाद्या विहिरीत डोकावून पाहिले, तर मुरमाखाली काळा पाषाण दिसतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचून थिजलेला हा लाव्हा. ज्युरासिक काळातील महाकाय प्राण्यांच्या अस्थी आपल्या परिसरात का मिळत नाहीत, याचे उत्तर या पाषाणातच आहे. ते प्राणी या लाव्ह्याच्याही दहा कोटींहून अधिक वर्षे आधीचे! त्यांच्या काळचे खडक पाहावयाचे, तर लाव्हा जेथे संपतो तेथे, थेट गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचा तालुक्यात जावे लागते.

तेथे प्राणहिता गोदावरीला मिळते. प्राणहितेकाठच्या कोटा गावावरून या खडकांना ‘कोटा प्रस्तर’ हे नाव पडले. त्यांतील चुनखडकात माशांचे जीवाश्म एकोणिसाव्या शतकातच मिळाले होते. पुढे कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे भूवैज्ञानिक या खोऱ्यात आले. संख्याशास्त्राच्या संस्थेला हाडांशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. परंतु संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांची दृष्टी व्यापक होती. लंडनच्या पामेला रॉबिन्सन यांच्या साहाय्याने त्यांनी तेथे जीवाश्मांचा अभ्यास सुरू केला.

१९६१ च्या सुमारास नदीपलीकडे, आज तेलंगणात असलेल्या पोचमपल्ली गावाजवळ उत्खनन झाले. अश्मीभूत वृक्षखोडांच्या गर्दीत सुमारे तीनशे हाडे मिळाली. ती किमान सहा प्राण्यांची होती. ते वर्ष रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचे. म्हणून १९७५ मध्ये या प्राण्याचे नामकरण झाले ‘बारापासॉरस टागोराय’. मराठी कानाला हा बारा पायांचा प्राणी वाटेल! पण बंगालीत याचा अर्थ ‘मोठ्या पायाचा सरडा’ एवढाच. नाव सार्थ आहे, कारण याच्या मांडीचे एकच हाड सुमारे १.७ मीटर, म्हणजे पुरुषभर उंचीचे. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत लांबी सुमारे १४ मीटर. मान लांब, पाय खांबासारखे, दात चमच्याच्या आकाराचे आणि आहार केवळ झाडपाल्याचा.

इतकी हाडे मिळाली, पण कवटी मात्र मिळाली नाही. हाती आले ते फक्त काही दात. अशा प्राण्यांची कवटी देहाच्या मानाने लहान व नाजूक असते, मानेपासून चटकन सुटते. पुराच्या लोंढ्यात वृक्षांबरोबर हे देह वाहत आले असावेत आणि जड हाडे तेवढी गाळात रुतली असावीत. म्हणूनच या प्राण्याच्या चित्रात जे मस्तक दिसते, ते नातलग जातींवरून योजलेले असते. त्याचा सांगाडा कलकत्त्यास, सांख्यिकी संस्थेच्या संग्रहालयात उभा आहे.

सिरोंचा तालुक्यात आता जीवाश्म उद्यान झाले आहे, ही समाधानाची गोष्ट. पण कुंपणाबाहेरचा खडक कोण राखणार? शिलालेखाचा दगड पायरीला लावला, की इतिहासाचे एक पान जाते, हे आपणा कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. अस्थी असलेला दगड खडीसाठी फोडला, तर तेच घडते. न सापडलेले ते मस्तक कदाचित अजूनही एखाद्या ओढ्याच्या दरडीत असेल. ते ओळखणारा डोळा तेथील गावकऱ्यांपाशी आणि विद्यार्थ्यांपाशी हवा.