वृद्ध बंद्यांची मुदतपूर्व सुटका : कायदा काय सांगतो?



नवी मुंबईत खारघरजवळ तळोजा मध्यवर्ती कारागृह आहे. झारखंडच्या आदिवासींमध्ये आयुष्य वेचलेले फादर स्टॅन स्वामी ऑक्टोबर २०२० मध्ये अटक झाल्यावर याच कारागृहात होते. वय ८३, कंपवाताने हात थरथरत. ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्यांच्या जामिनाचे प्रकरण तेव्हाही उच्च न्यायालयात प्रलंबितच होते.

म्हाताऱ्या, आजारी माणसाला लवकर सोडता येत नाही का? येते, पण वाटा दोन आहेत.

पहिली वाट शिक्षा झालेल्यांची. राज्य सरकार उरलेली शिक्षा माफ करू शकते. मात्र ज्या गुन्ह्याला फाशीचीही तरतूद आहे, त्यात जन्मठेप झालेल्याला किमान १४ वर्षे प्रत्यक्ष तुरुंगात काढावी लागतात. १४ वर्षे भरली म्हणजे सुटका झाली, असेही नाही. तेव्हापासून फक्त विचार होऊ शकतो. स्वातंत्र्याच्या अमृत महोत्सवानिमित्त २०२२-२३ मध्ये केंद्राने विशेष माफी दिली. अर्धी शिक्षा भोगलेले ६० वर्षांवरील पुरुष आणि ५० वर्षांवरील स्त्रिया तिला पात्र होत्या. पण जन्मठेपेचे बंदी वगळले होते. म्हणजे सर्वांत जास्त वर्षे आत काढलेले म्हातारे मागेच राहिले.

फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक मोठा अडसर दूर केला. राज्यात माफीचे धोरण असेल, तर पात्र बंद्याने अर्ज केला नाही तरी सरकारने त्याचा विचार केलाच पाहिजे. लिहिता-वाचता न येणाऱ्या आदिवासी बंद्याला याचा मोठा आधार आहे.

दुसरी वाट न्यायाधीन बंद्यांची, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही त्यांची. फादर स्टॅन यांपैकीच होते. नव्या संहितेच्या कलम ४७९ नुसार कमाल शिक्षेच्या निम्मा काळ (पहिलाच गुन्हा असल्यास एक-तृतीयांश) आत गेला, की जामिनाचा हक्क मिळू शकतो. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना तो लागू नाही. गरीब बंद्यांसाठी केंद्राच्या योजनेतून जामिनासाठी आणि दंडासाठी आर्थिक मदत मिळू शकते.

आपण काय करू शकतो? पाड्यावरचे कोणी आत असेल, तर त्याच्या घरच्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे घेऊन जा. अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला आणि कोठडीतल्या प्रत्येकाला तेथे वकील मोफत मिळतो. वयाचा पुरावा, आजाराची कागदपत्रे आणि सुटल्यावर राहायचा पत्ता जमवून द्या. जन्मदाखला नसेल, तर शाळेचा दाखला किंवा जुने रेशनकार्ड शोधा.

आणि सुटलेला माणूस घरी आला, की त्याला भेटायला जा. इतक्या वर्षांनी गाव त्याला ओळखेल की नाही, याचीच त्याला धास्ती असते.